फिरंग्याचे पत्र्याचे गुडघे

गुंदच्या सोमा मिराशीनं मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा माणूस रामनगरच्या बाजारात अजून यायचा आहे. त्यानं मला माझ्या कामात फसवलं, आणि तेही भर गावासमोर, पहिल्या रांगेत खुर्ची देऊन.

गोष्ट गोवा सुटायच्या आधीची आहे. भातकापणी सुरू व्हायची होती. गुंदचे गुरुजी आणि सोमा एका लाकडाच्या लॉरीतून उतरून माझ्या शेडसमोर उभे राहिले. गुरुजींच्या हातात एक पिवळं पडलेलं पान होतं. गोव्याकडून कधीतरी आलेल्या एका जुन्या पुस्तकातलं. त्यावर नखशिखांत लोखंडात मढवलेला एक फिरंगी शिपाई.

"परशराम, असे गुडघे करता येतील?" गुरुजींनी विचारलं.

मी पत्र्याचं काम करणारा माणूस. जंगलातून येणाऱ्या लॉऱ्यांचं काही ना काही चेपलेलं असायचं. मडगार्ड, बॉनेट, दरवाजा. चेपलेला पत्रा मागून ठोकून पुन्हा आकारात आणायचा, हा माझा धंदा. बादल्या आणि टाक्याही करायचो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. खानापूरच्या बाजूनं बाराव्या वर्षी एकटा आलो आणि दुसऱ्यांचे हात बघून शिकलो. त्यामुळे माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. तेव्हाही फिरायचं, आता म्हातारपणीही फिरतं.

"गुडघेच का?" मी म्हणालो. "छातीचं चिलखत, टोप, ते कोण करणार?"

"ते पुठ्ठ्याचंच हाय दरवर्षासारखं," सोमा म्हणाला. "गुडघे तेवढे पत्र्याचे पायजेत. मी गुडघ्यावर पडतो न्हवं, आवाज झाला पायजे."

हे मला पटलं. गुंदचं नाटक आमच्या भागात सगळ्यांना माहीत होतं. त्यात एक राणी, तिचा किल्ला आणि किल्ल्याला वेढा घालून बसलेला फिरंगी कप्तान. शेवटी कप्तान हरतो आणि राणीसमोर गुडघे टेकून तलवार ठेवतो. सोमा सात वर्षं कप्तान होत होता. तो उंच, आवाज डोंगरापल्याड जाणारा, आणि दोन्ही गुडघ्यांवर असा धाडकन पडायचा की फळ्या हलायच्या. गोव्यात तेव्हा खरे फिरंगी बसलेले होते, सीमा बंद होती. त्यामुळे फिरंग्याचे गुडघे टेकलेले बघायला लोक चार-चार कोस चालत यायचे.

मी सौदा करायला बसलो की उठत नाही. सोमा मात्र बसेचना. खांबाला टेकून उभा राहिला.

"बस की बाबा."

"न्हाई मिस्त्री, लॉरीत बसूनच आलोय. उभाच बरा."

दोन मण तांदूळ आणि मधाचा एक डबा त्यानं देऊ केला. मी म्हणालो तांदूळ नको, मध राहू दे. पण नाटक सुरू व्हायच्या आधी माझं नाव पुकारायचं. हे काम रामनगरच्या परशराम मिस्त्रीनं केलं, असं. आणि मला पहिल्या रांगेत खुर्ची पाहिजे.

गुरुजी आणि सोमा एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं, जास्त मागितलं की काय. मग गुरुजी म्हणाले, "नाव नको पुकारायला, परशराम. कशाला उगाच?"

"का? माझ्या नावाला काय झालंय?"

"काही नाही रे."

"मग पुकारायचं. न्हाईतर पुठ्ठ्याचे गुडघे घाला."

ते कबूल झाले. सौदा जिंकला म्हणून मी खूश. तो सौदा मीच माझ्या गळ्यात बांधून घेतला होता, हे कळायला तुळशीचं लग्न उजाडावं लागलं.

आता हे काम काय असतं ते सांगतो. गुडघ्याचं कवच म्हणजे नुसती वाटी नव्हे. नुसती वाटी बांधली तर माणूस उभा राहील, पण बसू शकणार नाही, कारण वाकताना गुडघ्याचा आकारच बदलतो. म्हणून मधे वाटी, आणि तिच्या वर आणि खाली पत्र्याच्या अरुंद पाकळ्या, एकीवर एक चढलेल्या. आमच्या जंगलातलं खवल्या मांजर वेटोळं करतं तेव्हा त्याचे खवले जसे एकमेकांखालून सरकतात, तसं. पाकळ्या रिव्हेटनं जोडायच्या. रिव्हेट म्हणजे डोकं ठोकून बसवलेला खिळा. पण त्याचं भोक गोल पाडायचं नाही, लांबट पाडायचं, म्हणजे खिळा भोकातल्या भोकात सरकतो. बाहेरच्या अंगाला पंख्यासारखा एक पत्रा, गुडघ्याच्या मागच्या नसेला आडोसा. या सगळ्यात मेख एकच. दोन्ही बाजूंच्या मुख्य खिट्ट्या माणसाच्या खऱ्या सांध्याच्या बरोबर समोर आल्या पाहिजेत. बोटभर जरी वरखाली झाल्या तरी कवच अडतं.

म्हणून मी माप घ्यायला सोमाला बोलावलं. तो आला नाही. त्याची बायको येसू आली, लाकडाच्या लॉरीतून. माप घ्यायची रीत मीच सांगून पाठवली होती. सुपारीच्या झावळीच्या बुडाला चामड्यासारखी विरी असते. ती पाण्यात भिजवायची, गुडघ्याला गुंडाळून बांधायची आणि वाळू द्यायची. वाळली की गुडघ्याचा आकार तिच्यात कायमचा बसतो. येसूनं पदराखालून दोन विऱ्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. एक दुसरीपेक्षा चांगली दोन बोटं मोठी होती.

"हे काय ग? माणसाला दोन मापांचे गुडघे असत्यात व्हय?"

येसू खाली बघत म्हणाली, "वाळताना फरक पडला असंल, अण्णा."

"कुठली मोठी, डावी का उजवी?"

"उजवी."

"भिजवताना नीट भिजवली न्हाईस तू. जाऊ दे. ल्हान माप धरतो मी."

ती काहीतरी बोलणार होती. मी तोवर लहान विरी पत्र्यावर ठेवून खडूनं आखायला लागलो होतो.

ही माझी चूक. ती मी मान्य करतो. तेवढी एकच.

पत्रा मी एका मेलेल्या लॉरीच्या बॉनेटचा घेतला, वीस गेज जाडीचा. तो भट्टीत लाल करून आपोआप थंड होऊ द्यायचा, म्हणजे नरम पडतो. फणसाच्या ओंडक्यात एक खळगा कोरून घेतला आणि त्यात पत्रा धरून गोल डोक्याच्या हातोडीनं कडेपासून मध्याकडे ठोकत गेलो. घाई केली तर पत्र्याला सुरकुती पडते, आणि सुरकुती पडलेला पत्रा पुन्हा सरळ होत नाही. वाट्या झाल्या. मधोमध एक धार उठवली. वर तीन पाकळ्या, खाली तीन. पट्ट्यांना बैलाच्या जोखडाचं जुनं चामडं लावलं, कारण नवं करकरतं.

तयार झालेलं एक कवच मी माझ्याच गुडघ्याला बांधलं आणि दिवसभर शेडमध्ये तसाच वावरलो. लॉरीखाली शिरलो. उकिडवा बसून चहा प्यालो. एक ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, दुसरा पाय लढाईत पडला काय?" मी त्याला हसू दिलं. पाकळ्या अशा सरकत होत्या की आवाज नाही, खरखर नाही. तीस वर्षं मी पत्रा ठोकला. त्याच्याइतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही.

न्यायलाही येसूच आली. तिनं कवच हातात घेतलं आणि वाकवून बघितलं. उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"लई सुरेख वाकतंय, अण्णा," ती म्हणाली. पण ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मला आवडला नाही.

"वाकणारच. वाकण्यासाठीच केलंय."

"जरा कमी वाकलं तर चालणार न्हाई?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. गिऱ्हाईक चांगलं काम मागतं, स्वस्त मागतं, लवकर मागतं. वाईट काम मागणारं गिऱ्हाईक माझ्या शेडची पायरी कधी चढलेलं नव्हतं.

"म्हंजे?"

"म्हंजे, जरा अडलं, धरलं, असं काय करता येतंय का?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते आता आठवत नाही, पण समोरच्या चहावाल्यानं मान बाहेर काढून बघितलं. येसूनं दोन्ही कवचं पदरात बांधली. दारात थांबून ती म्हणाली, "अण्णा, एक सांगायचं हुतं."

"माप सांगून झालं, वाकणं सांगून झालं, आता काय रंग सांगतीस? लॉरी सुटती बघ तुजी. जा."

ती गेली.

गुंदचं नाटक दुपारी व्हायचं. पाहुण्यांना अंधाराच्या आत घरी पोचायला लागायचं, कारण वाटेवर गव्यांचा कळप हिंडायचा. त्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून लोक शाळेपुढच्या खळ्यात जमले. मला पहिल्या रांगेत खुर्ची होती. शेजारच्या खुर्चीवर हल्याळकडचा कुपाचा मुकादम. कूप म्हणजे सरकारनं तोडीसाठी नेमून दिलेला जंगलाचा तुकडा. त्या कुपावर माणसं लावायचं काम या मुकादमाचं. मनानं वाईट नव्हता, पण कामात दगड. त्याच्या लॉऱ्यांचे दरवाजे मी सरळ केले होते, म्हणून ओळख.

"उद्या सकाळी माणसं घेणार," तो मला म्हणाला. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा. "मी पाय बघून घेतो, मिस्त्री. हात कुणाचे पण चालतात. डोंगरात पाय पाहिजे. जरा संशय आला की मी बैठक मारायला लावतो. दहा बैठका. झालं, कळतंय."

"आन बैठक मारता आली न्हाई तर?"

"तर पुढच्या पावसापर्यंत घरी बसायचं."

गुंदमध्ये तेव्हा भाताचं एकच पीक. ते चार महिने पुरायचं. बाकीचं वर्ष कुपाच्या कामावर. घरी बसणं म्हणजे काय, ते मुकादमालाही ठाऊक होतं आणि मलाही.

गुरुजींनी पडद्यासमोर येऊन माझं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला. त्या क्षणी माझ्याइतका सुखी माणूस त्या खळ्यात नव्हता.

कप्तान आला. उन्हात ते गुडघे असे चमकले की लोक "अहाहा" म्हणाले. पण मी चालीकडे बघत होतो. उजवा पाय कमरेतून टाकत होता. मनात म्हणालो, पट्टा जास्त आवळलाय गाढवानं. पुढचा सगळा वेळ तो एका जागी उभं राहूनच बोलला. आवाज तोच, डोंगरापल्याड जाणारा. मुकादम पुढं झुकून बघत होता.

शेवटचा प्रवेश आला. राणी सिंहासनावर. राणी म्हणजे गावचा न्हावी, मिशा काढलेला. सोमा तलवार घेऊन तिच्यासमोर आला. खळं गप्प झालं. सगळे वाट बघत होते त्या आवाजाची.

सोमा वाकला. अर्धा वाकला आणि थांबला. त्याच्या कपाळावरचा घाम मला खुर्चीवरून दिसत होता. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा थांबला. मग एकदम ताठ उभा राहिला, लोकांकडे वळला आणि त्या आवाजात म्हणाला,

"राणीसाहेब! फिरंगी वाकायला तयार हाय! पण ह्यो रामनगरचा पत्रा वाकत न्हाई!"

खळं फुटलं हसून. लोक एकमेकांच्या अंगावर पडले. कुणीतरी मागून ओरडलं, "मिस्त्री, तेल घाला!" दुसरा म्हणाला, "बादल्या केल्यात, गुडघे न्हवं!" मुकादम तर डोळे पुसत होता. माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "बिड्री मिस्त्री, जाऊ दे, जाऊ दे!"

मी जाऊ देणारा नव्हतो. खुर्ची मागं पडली. मी सरळ स्टेजवर चढलो. गुरुजी आडवे आले, त्यांना बाजूला केलं. सोमासमोर खाली बसलो आणि लोकांना ओरडून म्हणालो, "आता दावतो, कोण वाकत न्हाई ते!"

दोन्ही हातांनी मी उजवं कवच धरलं. पहिली गोष्ट कळली ती म्हणजे पत्रा गरम होता. उन्हानं नव्हे, आतून. मी पाकळ्यांवर बोटं फिरवली. त्या सरकत होत्या. माझ्या बोटांखाली जशा सरकायला पाहिजेत तशाच सरकत होत्या. वाटीच्या कडेतून आत बघितलं. आत गुडघा नव्हताच. नारळाएवढा काहीतरी सुजलेला, काळानिळा गोळा होता, आणि माझी लहान मापाची वाटी त्याच्या मांसात रुतली होती.

मी वर बघितलं. एवढा मोठा कप्तान, डोळ्यांत पाणी. ओठ न हलवता म्हणाला, "अण्णा, मुकादम फुडं बसलाय."

मला त्या वेळी किती वेळ लागला, सांगता येत नाही. माझं नाव आत्ताच पुकारलेलं होतं. तीन-चारशे माणसं माझ्याकडे बघत होती. हातात माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि ते चांगलं आहे हे दाखवायला त्या पायाला एक झटका पुरेसा होता.

मी कवचावर दोन बुक्क्या मारल्या, मोठा आवाज होईल अशा, पण पंख्यावर मारल्या, वाटीवर नाही. मग उभा राहून लोकांना म्हणालो, "रिव्हेट अडकलाय. चूक माझी हाय."

हे वाक्य माझ्या तोंडातून आयुष्यात दुसऱ्यांदा निघालेलं नाही.

लोक आणखी हसले. पण आता कप्तान उभा आणि राणी वाट बघत बसलेली. फिरंगी न नमता पडदा पडला असता तर लोकांनी दगड मारले असते. मी सोमाच्या कानात म्हणालो, "माझ्या खांद्यावर हात टाक. वासा हाईस असं समज. वाकू नकोस कुठंच." त्यानं दोन्ही हात माझ्या खांद्यांवर टाकले. सगळं वजन माझ्यावर आलं. मी एक एक पाऊल मागं घेत, खाली बसत, त्याला उभ्याचा आडवा केला. पाय ताठ, अंग ताठ, अलगद. त्याची छाती फळ्यांना लागली आणि त्यानं दोन्ही हात पुढं पसरून तलवार राणीच्या पायाशी ठेवली.

फिरंग्यानं गुडघे टेकले नाहीत. साष्टांग दंडवत घातलं.

मी असा आवाज पुन्हा ऐकला नाही. लोक खळ्यात उभे राहून टोप्या उडवत होते. मुकादम खुर्चीवर उभा. गुरुजींनी पडदा ओढला, आणि पडद्याआड मी सोमाच्या शेजारी बसून धापा टाकत होतो.

आम्ही चौघांनी त्याला उचलून पडद्याआडूनच शाळेच्या खोलीत नेलं. येसू आधीच तिथं होती, कोमट पाण्याचं भांडं घेऊन. तिला पट्टे सुटेनात. मी सोडवले. वाटी काढली तेव्हा सोमानं माझं मनगट धरलं, पण आवाज काढला नाही. गुडघ्याभोवती माझ्या वाटीचा लाल वण गोल उठला होता, कंपासनं आखल्यासारखा.

"मे महिन्यात ओंडका गुडघ्यावर घसरला, अण्णा," येसू म्हणाली. "गावाबाहेर कुणाला सांगितलं न्हाई. पावसात काम नसतंय, तवर बरा हुईल वाटलं. नांगर मी धरला. सात वर्षं नाटक केलं, आन औंदा न्हाई म्हटलं असतं तर मुकादमानं इचारलंच असतं, का म्हणून."

"म्हणून पत्र्याचे गुडघे?"

"दोष पत्र्यावर ढकलायचा ठरला होता," गुरुजी दाराशी उभे राहून म्हणाले. "तुझं नाव यायला नको, म्हणून मी नको म्हणत होतो. तूच ऐकलं नाहीस."

"म्हंजे तुमाला ठावं हुतं?"

गुरुजींनी खिडकीकडे बोट दाखवलं. मी बाहेर बघितलं. मुकादमाला कुणीतरी चहाला नेलं होतं. खळ्यातल्या बायका, म्हातारे, सगळे या खोलीकडे बघत उभे होते, आणि आता एकही हसत नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. अख्ख्या गुंदला ठाऊक होतं. तेल घाला म्हणून ओरडणाऱ्यालाही. ते हसले होते ते मुकादमाला ऐकू जावं म्हणून. ठाऊक नव्हतं ते फक्त दोघांना. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांना.

सोमा म्हणाला, "रागावला काय, अण्णा?"

"गप पड," मी म्हणालो, आणि येसूच्या हातातलं फडकं घेऊन पाण्यात बुडवलं.

चहा मी मुकादमाबरोबर प्यालो. सोमाला उद्या डोंगर चढायला लागला तर दोन दिवसांत सगळं उघड होणार, हे मला दिसत होतं.

"मुकादम, डेपोवर नंबर पुकारायला कोण हाय औंदा?"

डेपो म्हणजे तोडलेलं लाकूड जिथं आणून मापतात ती जागा. एकजण टेप धरतो, एकजण लांबी आणि घेर ओरडून सांगतो, दूर टेबलावर बसलेला कारकून लिहून घेतो.

"आहे एक. त्याचा आवाज शेळीसारखा. कारकून रोज भांडतो."

"आन आज आवाज ऐकला न्हवं कुणाचा?"

मुकादम चहाचा पेला खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. "सोमा? तो तोडीचा माणूस. का? पायाला काय झालंय त्याच्या?"

"पायाला माझा पत्रा झालाय," मी म्हणालो. "तोडीला शंभर माणसं मिळत्यात. असा आवाज असलेला एक दाव मला हल्याळात. तुझ्या पाण्याच्या टाक्या गळत्यात, त्या मी हंगामभर बघतो. पण ह्यो माणूस डेपोवर घे."

"तुला काय मिळणार यात?"

"त्यानं माझी लाज काढली. रोज डेपोवर ओरडून ओरडून घसा बसू दे त्याचा."

मुकादम खो खो हसला. हे कारण त्याला पटलं. सकाळी त्यानं सोमाला शाळेच्या भिंतीला टेकून उभं केलं आणि ओरडायला सांगितलं. सोमानं "लांबी अठरा, घेर पाच" असा आवाज काढला की पलीकडच्या सुपारीच्या बागेतले पोपट उडाले. बैठक कुणी मारायला लावली नाही.

सोमा अकरा हंगाम डेपोवर होता. गुडघा पुरता वाकला कधीच नाही, पण सूज उतरली. नाटकात त्यानं पुन्हा काम केलं नाही. कप्तान दुसरा आला, तो खरे गुडघे टेकायचा, पण लोक म्हणायचे दंडवतच बरं होतं.

माझं काय झालं ते ऐका. उळवीपासून लोंढ्यापर्यंत लोक मला अडकलेल्या गुडघ्याचा मिस्त्री म्हणायला लागले. ड्रायव्हर मडगार्ड टाकायचे आणि विचारायचे, "मिस्त्री, चाक फिरंल न्हवं?" मी भांडलो, काहींशी बोलणं सोडलं, पण खरं कारण कुणाला सांगितलं नाही. मुकादम गेला, कूप बंद झाले, सोमाला नातवंडं झाली. आता सांगायला हरकत नाही म्हणून लिहितो आहे. ते कवच माझ्यासारखं काम करणाऱ्यानं हातात घेऊन बघावं. ते आजही वाकतं.

धंद्यात असलेल्यांसाठी एवढंच. माप स्वतः जाऊन घ्या. दोन मापं वेगळी आली तर माप आणणाऱ्यावर ओरडू नका, माणूस बघून या.

माझी तक्रार नावाची नाही. नाव गेलं ते मी माझ्या तोंडानं घालवलं, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा घालवीन. माझी तक्रार वेगळी आहे. साऱ्या गावाला जे सांगितलं, ते मला का नाही सांगितलं? गुंदच्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक होतं, ते मला ठाऊक असायला नको होतं? मी मोठं माप धरलं असतं. आत कापूस भरला असता. अडणारा गुडघा पाहिजे होता ना, तर असा अडवला असता की मुकादमाच्या बापालाही कळलं नसतं, आणि त्याच्या पायाला एक ओरखडा आला नसता. मी बाहेरचा होतो काय? मुकादमाच्या शेजारी बसवण्याइतका?

येसूला मी एकदा हे विचारलं. ती म्हणाली, "अण्णा, मी सांगायलाच आले हुते. तुमी बोलू दिलं कुठं?"

हे उत्तर मी मानत नाही. बायकोला पुढं करून सुटता येणार नाही. सोमा, तुझा नातू शाळेत जातो, तो तुला हे वाचून दाखवील. पहिल्या दिवशी तू माझ्या शेडमध्ये खांबाला टेकून उभा होतास. मी बस म्हणालो होतो. तेव्हा का नाही बोललास? तुझा आवाज डोंगरापल्याड जातो. रामनगरला ये आणि माझ्यासमोर उभा राहून उत्तर दे.